बदल केला, पण का केला?

रुग्णालयात दिवसभरात सर्वांत जास्त काय घडत असेल, तर ते बदल. सकाळच्या राउंडला एक अँटिबायोटिक बंद होते, दुपारी इन्शुलिनचे दोन युनिट वाढतात, रात्री सलाइनचा वेग कमी केला जातो. रुग्ण बरा होतो तो या लहान लहान बदलांमुळे, आणि कधी बिघडतो तोही त्यांच्यामुळेच. म्हणून कोणता बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद ठेवणे ही वैद्यकातली पहिली शिस्त मानली जाते. निदान पुस्तकात तरी.

ही शिस्त पाळणे म्हणजे काय, हे नव्या निवासी डॉक्टरांना सांगताना मी वैद्यकाबाहेरचे एक उदाहरण देतो: ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या रोजच्या बदलांची नोंदवही. मी संगणक अभियंता नाही. त्या नोंदींतला प्रत्येक शब्द मला कळतो असेही नाही. पण फिजिशियन म्हणून तीस वर्षे केस पेपर वाचणाऱ्या माणसाला चांगली नोंद आणि कामचलाऊ नोंद यांतला फरक कोणत्याही भाषेत ओळखता येतो. आणि या नोंदवहीचा आपल्या तब्येतीशी थेट संबंध आहे. आज व्हेंटिलेटरपासून इन्फ्युजन पंपापर्यंत रुग्णाच्या उशाशी असलेले जवळजवळ प्रत्येक यंत्र आतून एक संगणकच असते.

वही उघडी ठेवणारी माणसे

आधी दोन शब्द समजून घेऊ. आपण विचार करत नसतानाही हृदय धडधडते, श्वास चालतो, आतडी हलतात. शरीरातली ही पडद्यामागची कामे स्वायत्त मज्जासंस्था पाहते. फोनमध्ये किंवा संगणकात तसेच काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. कोणत्या प्रोग्रामला किती जागा द्यायची, फाइल कुठे ठेवायची, बाहेरून आलेला संदेश कोणाकडे पोहोचवायचा, हे सारे तिच्याकडे. तिच्या सूचना माणसाला वाचता येतील अशा स्वरूपात लिहिलेल्या असतात. त्याला सोर्स कोड म्हणतात. अनेक कंपन्या आपला सोर्स कोड कुलपात ठेवतात. आपल्या हाती पडतो तो फक्त यंत्राला कळणारा आकड्यांचा गठ्ठा. ओपन सोर्समध्ये मात्र मूळ सूचना सर्वांसाठी खुल्या असतात. कोणीही वाचाव्यात, वापराव्यात, चूक दिसली तर सांगावी.

यातली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती १९९१ मध्ये सुरू केली. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. पण मला जास्त शिकण्यासारखी वाटते ती तिची एक लहान, कमी परिचित चुलत बहीण: ओपनबीएसडी. थिओ द राड्ट यांनी १९९५ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरातून तिची सुरुवात केली. सुरक्षितता हा या गटाचा पहिल्यापासूनचा ध्यास. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी आज जगभर वापरला जाणारा ओपनएसएसएच हा प्रोग्राम याच गटाने १९९९ मध्ये आणला. पण त्यांचा एक निर्णय मला याहून मोठा वाटतो. सोर्स कोडच नव्हे, तर त्यातल्या प्रत्येक बदलाचा इतिहास त्यांनी सुरुवातीपासून कोणालाही वाचता येईल असा खुला ठेवला. त्या काळी अनेक खुल्या प्रकल्पांतही लोकांसमोर यायची ती तयार झालेली आवृत्ती. रोजची काटछाट आतल्या मंडळींपुरतीच असे.

या वहीतली एक नोंद कशी असते? तारीख आणि वेळ. बदल करणाऱ्याचे नाव. कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळी काढल्या आणि त्या जागी कोणत्या घातल्या. मग एक-दोन वाक्यांत कारण. आणि शेवटी बहुतेक वेळा ‘ओके’ हा शब्द व त्यापुढे दुसऱ्याच कोणाचे नाव. म्हणजे त्या दुसऱ्या माणसाने हा बदल वाचला आहे आणि त्याला तो पटला आहे.

वाचायला बसलात तर कंटाळाल. मदतपुस्तिकेतले शुद्धलेखन सुधारले. एका ठिकाणी आकड्याची मर्यादा तपासायची राहिली होती, ती तपासणी घातली. एका भागाने घेतलेली जागा परत केली जात नव्हती, आता होते. कोणी वापरत नसलेला जुना भाग काढून टाकला. दिवसामागून दिवस, वर्षांमागून वर्षे हेच. मला हे वाचताना आयसीयूमधल्या सिस्टरांचा चार्ट आठवतो. नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, दर तासाला एक ओळ. कोणीही तो चार्ट आवडीने वाचत नाही. पण रात्री तीन वाजता रुग्ण अचानक ढासळतो, तेव्हा नेमके कधीपासून बिनसत गेले हे तोच चार्ट सांगतो.

चुकीचे मूळ सांगणारी ओळ

लिनक्सचा पसारा फार मोठा आहे. साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी तिच्या गाभ्याची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. दिवसाला दीडशेच्या आसपास तर नक्कीच. इतक्या गर्दीत शिस्त टिकावी म्हणून तिथे प्रत्येक बदलाखाली ठरावीक ओळी लिहितात: हा बदल मी माझ्या जबाबदारीवर देतो आहे, हा अमक्याने तपासला, हा तमक्याने चालवून पाहिला, ही चूक सर्वप्रथम अमक्याच्या लक्षात आली.

त्यांतली एक ओळ डॉक्टरांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. एखादी चूक दुरुस्त करताना ती चूक आधीच्या कोणत्या बदलामुळे शिरली, त्या बदलाचा क्रमांक लिहिण्याची तिथे पद्धत आहे. म्हणजे नुसते ‘दुरुस्त केले’ एवढ्यावर भागत नाही. ‘अमुक तारखेच्या अमुक बदलातून हा बिघाड आला होता’ हेही सांगायचे. कित्येकदा तो आधीचा बदल स्वतःचाच असतो. तरीही तो क्रमांक लिहायचा. त्यात ना माफीनामा, ना दोषारोप. तो फक्त पत्ता असतो, कारण तोच जुना बदल ज्या ज्या आवृत्तीत गेला असेल तिथे तिथे दुरुस्तीही पोहोचवावी लागते.

वैद्यकात उपचारातून उद्भवणाऱ्या आजारांचा एक वेगळा वर्गच आहे. वेदनाशामक गोळीने जठरात व्रण होतो, लघवीच्या गोळीने रक्तातले सोडियम घसरते. अशा वेळी आपण व्रणाची नोंद करतो, सोडियमची नोंद करतो. पण ‘हे अमुक तारखेला सुरू केलेल्या अमुक गोळीमुळे झाले’ ही ओळ डिस्चार्ज कार्डावर किती वेळा येते? ती आली नाही, तर सहा महिन्यांनी गुडघे दुखू लागल्यावर तीच वेदनाशामक गोळी पुन्हा लिहिली जाते.

दोन ओळींची किंमत

कारण लिहिलेले नसले की काय होते, याचे या क्षेत्रातले एक गाजलेले उदाहरण आहे. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली एक लोकप्रिय ऑपरेटिंग सिस्टिम. २००६ मध्ये तिच्यातल्या ओपनएसएसएल या भागावर काम करताना एका तपासणी साधनाने इशारा दिला की काही ओळी ठरवून न दिलेल्या मजकुराचा वापर करीत आहेत. हे भाग सांभाळणाऱ्या माणसाने मूळ लेखकांकडे विचारणाही केली होती. शेवटी त्या दोन ओळी त्याने निष्क्रिय केल्या. इशारा थांबला. सगळे सुरळीत चालू राहिले.

चालू राहिले असे वाटले, एवढेच. ओपनएसएसएलचे काम गुप्त किल्ल्या तयार करण्याचे. किल्ली ओळखता येऊ नये म्हणून तिच्यात भरपूर यदृच्छता, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही असा मालमसाला, मिसळावा लागतो. काढलेल्या ओळींतून नेमके हेच मिश्रण होत होते. त्या गेल्यावर असंख्य शक्य किल्ल्यांऐवजी प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२ हजारांच्या आसपासच वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ लागल्या. आज एखादा साधा लॅपटॉप तेवढ्या किल्ल्या झटपट करून पाहू शकेल. मे २००८ मध्ये ही गोष्ट उघड झाली. जवळजवळ वीस महिने जगभरातल्या अनेक सर्व्हरची कुलपे नावालाच होती.

यात कोणी आळशी नव्हते, कोणी दुष्टही नव्हते. एक ओळ अनावश्यक वाटली, कारण ती तिथे का आहे हे तिच्याशेजारी स्पष्ट लिहिलेले नव्हते. हे वाचून कोणत्याही फिजिशियनच्या अंगावर काटा येईल. वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेणारा रुग्ण दुसऱ्या कारणासाठी भरती होतो. यादीत ती छोटी गोळी कशासाठी आहे हे लिहिलेले नसते. कोणीतरी चांगल्या हेतूने ती एकदम बंद करतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर झोपलेली असते. दोन दिवसांत रक्तदाब कोसळतो. जी गोळी निरर्थक वाटली, तिच्यावर तो माणूस उभा होता.

पण या कथेचा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा. चूक सापडली, तेव्हा ती कोणत्या ओळींत आहे, कोणत्या दिवशी शिरली, कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंतचे संगणक बाधित आहेत, हे सगळे उघड्या इतिहासातून ठरवता आले. कमकुवत किल्ल्यांच्या याद्याच तयार झाल्या. जिथे त्या सापडतील तिथे त्या फेकून द्या, असे सांगता आले. औषधाचा एखादा बॅच सदोष निघाल्यावर तो बाजारातून परत मागवतात, तसेच हे. बॅच क्रमांकच नसता, तर काय परत मागवले असते?

उघडेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे

इथवर वाचून कोणाला वाटेल की सोर्स कोड खुला केला की काम झाले. तसे नाही, आणि हे दडवून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. डेबियनची चूकही खुलीच होती. वीस महिने कोणाच्या लक्षात आली नाही.

त्याहून गंभीर प्रकार २०२४ मध्ये घडला. एक्सझेड नावाचा, फाइली लहान करणारा एक छोटासा ओपन सोर्स प्रकल्प आहे. तो प्रामुख्याने एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून काम करून एका अनोळखी व्यक्तीने त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात एक चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तोही अगदी आडवाटेने. आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले. त्याने ते सोडून दिले नाही. मार्च २०२४ च्या अखेरीस त्याने शोध जाहीर केला. तोवर बाधित आवृत्ती बहुतेक मोठ्या प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचलीही नव्हती.

यातली एक बारीक गोष्ट फार बोलकी आहे. चोरदरवाज्याचा महत्त्वाचा एक भाग रोजच्या बदलांच्या नोंदीत नव्हताच. तो वापरणाऱ्यांना देण्यासाठी बांधलेल्या अंतिम गाठोड्यात गुपचूप घातला होता. केस पेपरवर एक औषध लिहिलेले आणि सलाइनच्या बाटलीत भलतेच, असा तो प्रकार. नोंद खरी ठरते ती नोंदीप्रमाणे प्रत्यक्षात झाले का, हे कोणीतरी पाहत असेल तेव्हाच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. उघडी नोंद चुका थांबवत नाही. ती चुका शोधण्याजोग्या आणि निस्तरण्याजोग्या ठेवते. पाहणारे डोळे, त्यांना मिळणारा वेळ आणि मोबदला, आणि अर्ध्या सेकंदाने बेचैन होणारी माणसे ही वेगळी लागतात. रुग्णालयातही सीसीटीव्ही लावला म्हणून संसर्ग कमी होत नाही. हात धुवावेच लागतात.

बंद वहीतले रुग्ण

आता दुसरी बाजू पाहू. वही बंद असेल तर? वैद्यकीय यंत्रांच्या इतिहासात थेरॅक-२५ हे नाव यासाठीच शिकवले जाते. कॅन्सरवर रेडिएशन देणारे हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली. त्यांतले किमान तीन जण दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा रोखणारे यांत्रिक अडसर होते. नव्या मॉडेलमध्ये ते काढून तो भार सॉफ्टवेअरवर टाकण्यात आला, आणि सॉफ्टवेअरचे काही भाग जुन्याच यंत्रातून उचलले होते. चूक जुन्या यंत्रातही होती. अडसरांमुळे ती कधी दिसली नव्हती.

टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात १९८६ मध्ये तीन आठवड्यांत असे दोन अपघात झाले. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत धड दिलेला नव्हता. पहिल्या अपघातानंतर कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले की जादा मात्रा देणे या यंत्राला शक्यच नाही. शेवटी रुग्णालयाचा भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी दोघांनी बसून तीच बटणे पुन्हा पुन्हा दाबून बिघाड मुद्दाम घडवून दाखवला. एक्स-रेचे अक्षर चुकून टाइप करून ते काही सेकंदांत इलेक्ट्रॉनचे केले, की पडद्यावर दुरुस्ती दिसे आणि यंत्राच्या आत ती पुरती पोहोचत नसे. अनुभवी, वेगाने टाइप करणाऱ्या हातालाच हा सापळा लागू होता.

तेव्हा तो कोड रुग्णालयाला पाहता येत नव्हता, त्यातले बदल कोणी केव्हा केले हेही नाही. मला खटकते ते हे की चाळीस वर्षांनंतरही आपल्या बहुतेक रुग्णालयांची स्थिती याहून फार वेगळी नाही. यंत्राचा सर्व्हिस इंजिनीअर येतो, पेनड्राइव्ह लावतो, तासाभराने सर्व्हिस रिपोर्टवर सही मागतो. त्यावर लिहिलेले असते: ‘सॉफ्टवेअर अपडेट केले.’ काय बदलले? का बदलले? आधीच्या आवृत्तीत रुग्णाला धोका होता का? सही करणाऱ्याला यातले काहीही सांगितले जात नाही, आणि तोही विचारत नाही.

उलट बाजूचा धोकाही आहे: बदल उपलब्ध असून तो यंत्रापर्यंत न पोहोचण्याचा. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. विंडोजमधले ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मार्च महिन्यातच आलेला होता. तो न बसवलेल्या संगणकांमुळे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतले २३६ पैकी किमान ८० ट्रस्ट अडचणीत आले आणि अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबरहल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस नोंदणी आणि तपासण्यांचे काम हाताने लिहून करावे लागले. सॉफ्टवेअरचे आजारपण आता वॉर्डात येऊन पोहोचले आहे.

काय मागावे?

व्हेंटिलेटरचे सॉफ्टवेअर रोज बदला, असे मी म्हणणार नाही. ओपनबीएसडीची मंडळीही तसे करत नाहीत. रोज बदलणारी आवृत्ती त्यांच्या कार्यशाळेत असते. सर्वसाधारण वापरासाठी साधारण दर सहा महिन्यांनी एक तपासून घेतलेली आवृत्ती निघते आणि मग तिच्यात फक्त गरजेच्या दुरुस्त्या होतात. संशोधनातले औषध आणि औषधालयातले औषध यांत आपण हाच फरक करतो. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरमधली सुरक्षेची त्रुटी दुरुस्त करायची होती, तेव्हाही ते काम घरबसल्या न करता रुग्णाला क्लिनिकमध्ये बोलावून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करण्याचे ठरले. काम तीन मिनिटांचे, पण छातीतल्या यंत्रावरचे.

माझ्या मागण्या याहून साध्या आहेत. पहिली, सरकारी रुग्णालयाने यंत्र विकत घेताना निविदेतच काही गोष्टी लिहून घ्याव्यात: यंत्रात कोणते सॉफ्टवेअर भाग आहेत त्यांची यादी, प्रत्येक अपडेटमध्ये काय आणि का बदलले याची लेखी नोंद, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील याची हमी. आज आपण सीटी स्कॅनच्या ट्यूबचे आयुष्य विचारतो, एएमसी-सीएमसीचे दर विचारतो, यूपीएससुद्धा विचारतो. सॉफ्टवेअरबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. अमेरिकेत २०२३ पासून नेटवर्कला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय यंत्रांसाठी अशी यादी, ओपन सोर्स भागांसह, सादर करणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतातही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे, त्यांच्या सॉफ्टवेअरसह, औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. गोळीच्या पाकिटावर घटक आणि बॅच क्रमांक छापला नाही तर आपण ती घेत नाही. यंत्राला वेगळा न्याय कशासाठी?

दुसरी, जनतेच्या पैशातून रुग्णालयांसाठी बनवले जाणारे सॉफ्टवेअर शक्य तिथे ओपन सोर्स असावे. हे स्वप्नरंजन नाही. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयाच्या गरजेतून ‘बाह्मनी’ ही रुग्णालय-व्यवस्थापनाची ओपन सोर्स प्रणाली उभी राहिली आणि पुढे इतर देशांतही वापरली गेली. इथे एक गैरसमज टाळायला हवा. सॉफ्टवेअरची कृती खुली असणे म्हणजे रुग्णाची माहिती खुली असणे नव्हे. कुलपाची रचना सर्वांना माहीत असू शकते. किल्ली ज्याची त्याच्याचकडे राहते.

तिसरी मागणी आम्हा डॉक्टरांकडे. केस पेपरवर ‘रिपीट ऑल’ लिहून पुढच्या खाटेकडे जाण्याची सवय आम्ही मोडली पाहिजे. एनालाप्रिल बंद केले, तर ‘कोरडा खोकला आला म्हणून’ हे चार शब्द लिहायला हवेत. नाहीतर गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर चांगल्या हेतूने तेच पुन्हा सुरू करतो आणि रुग्ण खोकल्यासाठी छातीचे फोटो काढत फिरतो. गर्दी असते, मान्य आहे. शंभर-दीडशे रुग्ण तपासणाऱ्याला निबंध लिहिता येणार नाही. पण ओपनबीएसडीच्या नोंदीही निबंध नसतात. अनेकदा एकच ओळ असते.

खरा अडथळा वेळेचा नाही, भीतीचा आहे. ‘लिहिले तर उद्या अंगाशी येईल,’ असे अनेकांना वाटते आणि वातावरण पाहता ही भीती अगदीच खोटी नाही. पण आपल्याच आरोग्यव्यवस्थेत याला एक चांगला अपवाद आहे. बाळंतपणात दगावलेल्या प्रत्येक मातेच्या मृत्यूचे अन्वेषण होते. घरून निघायला उशीर झाला, वाहन मिळाले नाही, की रुग्णालयात रक्त मिळाले नाही, हे शोधले जाते. त्या प्रक्रियेचे तत्त्वच असे आहे की व्यक्तीला दोष देण्यासाठी नव्हे, तर पुढचा मृत्यू टाळण्यासाठी हे करायचे. प्रत्यक्षात ते नेहमीच तसे होते असे नाही. तरीही दिशा ठरलेली आहे. ती औषधातल्या चुकांना आणि यंत्रांच्या बिघाडांनाही लागू करायला काय हरकत आहे?

घरातली वही

वाचकांसाठी शेवटी दोन गोष्टी. एक, फोनवर सुरक्षेचा अपडेट आला की ‘नंतर’ म्हणून महिनोन्‌महिने ढकलू नका. कोणीतरी कुठेतरी एक चूक शोधून, दुसऱ्याकडून तपासून घेऊन ती दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोहोचवलेली असते. वॉनाक्रायचा धडा रुग्णालयांइतकाच घरांनाही लागू आहे. दोन, घरात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा थायरॉइडचे रुग्ण असतील तर एक साधी दोनशे पानी वही आणा. चार रकाने आखा: तारीख, कोणते औषध सुरू-बंद-कमी-जास्त झाले, कोणी केले, आणि का केले. चौथा रकाना डॉक्टरांना विचारूनच भरा. ते घाईत असतील, थोडे वैतागतीलही. तरी विचारा. सुरू झालेले औषध तर लिहाच, पण बंद झालेले औषध त्याहून काळजीपूर्वक लिहा. कारण सुरू असलेली गोळी डब्यात दिसते, बंद झालेली कुठेच दिसत नाही. कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या डॉक्टरकडे जातानाही, ती वही पिशवीत असू द्या.